उंबरठ्यावरचा तगादा

दिवाळीला आठ दिवस होते. माझी नात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जालन्यातल्या एका हिशेबनिसाच्या कचेरीत उमेदवारी करते. त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती जराशी ओशाळलेली. मी विचारले, "काय गं, काय झालं?"

"आजोबा, आज माझी चांगलीच फजिती झाली. साहेब म्हणाले, तीन पक्षकारांना डनिंग लेटरं पाठव. मला वाटलं, डन् म्हणजे झालं. काम पुरं झालं असं कळवायचं असेल. मी आभाराची तीन छान पत्रं लिहून नेली. सगळी कचेरी हसली!"

मीही हसलो. पण मी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकविले आहे. हसता हसता आतला मास्तर जागा झाला. म्हटले, "अगं, हे दोन शब्द कानाला अगदी सारखे लागतात. एकाच्या स्पेलिंगात ओ आहे, दुसऱ्याच्या यू. ओ-वाला म्हणजे काम संपले. यू-वाला म्हणजे पैसे अजून यायचे आहेत आणि ते येईपर्यंत समोरच्याला स्वस्थ बसू द्यायचे नाही. डन् करणे म्हणजे तगादा लावणे."

"मग सरळ तगादा म्हणावं की!" असे म्हणून ती चहा टाकायला गेली. मी मात्र त्या शब्दापाशीच बसून राहिलो. डन् म्हणजे खरोखरच तगादा का? उत्तर शोधू लागलो तेव्हा असे दिसले की, हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात घोड्यावर बसून गेलेल्या एका इंग्रजालाही पडला होता. पण ती गोष्ट ओघाने येईलच. आधी शब्दांचे कूळ पाहू.

इंग्रजीतले हे क्रियापद सतराव्या शतकाच्या आरंभीच्या लिखाणात भेटते. त्याची व्युत्पत्ती पंडितांना नीट लागलेली नाही. लोकांना मात्र ती केव्हाच लागली! सातव्या हेन्री राजाच्या काळी लिंकन गावी जो डन् नावाचा एक बेलिफ होता. तो वसुलीत इतका हुशार, की कोणी पैसे बुडवू लागला की लोक म्हणत, याच्यामागे डन् लावा. ही गोष्ट १७०८ साली लंडनच्या एका नियतकालिकात छापून आली आणि तेव्हापासून पुस्तकांतून फिरते आहे. राजा होऊन दोनशे वर्षे उलटल्यावर छापलेल्या गोष्टीवर कोशकार विश्वास ठेवीत नाहीत. तरी गोष्ट झकास आहे. माणसाचे नाव क्रियापद व्हावे, ही कीर्ती काही लहान नव्हे.

व्याकरण पाहिले तर एक मौज दिसते. इंग्रज पैसे डन् करीत नाही, माणसाला डन् करतो. क्रियापदाचे कर्म तो देणेकरी आणि रक्कम बिचारी मागाहून येते, अमुक रकमेसाठी म्हणून. मराठीत तसे होत नाही. आपण पैसे मागतो, माणसाकडे मागतो. तगादा लावला तरी तो माणसाच्या 'मागे' लावतो. इंग्रजी क्रियापद थेट माणसावर जाऊन आदळते. आपले त्याच्या पाठीमागून चालते.

तगादा हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ तकाझा. तकाजा हे त्याचे रूप अजून आपल्या बोलण्यात आहे. ज्या अरबी धातूपासून तो निघाला, त्याचीच दुसरी दोन अपत्ये मराठीत नांदतात, काजी आणि कज्जा. मागणारा, भांडण आणि भांडण तोडणारा अशी तिघे एका घरची! वसूल या शब्दाचा मूळ अर्थ पोचणे. पैसा आपल्या घरी पोचला की तो वसूल झाला. याखेरीज आपली उगराणी आहे, लकडा आहे, उंबरठे झिजवणे आहे. आणि ससेमिरा तर आहेच. विश्वासाने मांडीवर डोके ठेवून निजलेल्या मित्राचा घात करणारा तो राजपुत्र वेडा होऊन स, से, मि, रा ही चारच अक्षरे बडबडत हिंडला, ही सिंहासनबत्तिशीच्या परंपरेतली गोष्ट आजीच्या तोंडून पुष्कळांनी ऐकली असेल. विश्वास मोडणाऱ्याच्या पाठीस लागलेली ती अक्षरे पुढे सावकाराच्या माणसाच्या पाठीस लागली.

आता तो घोडेस्वार. आमच्या जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी जनरल वेलस्लीची गाठ पडली. त्याआधी दोनच दिवस वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी बदनापुरास भेटून दोन वाटांनी चाल करून जाण्याचा बेत ठरविला होता. जालन्याचा किल्ला स्टीव्हन्सनने त्याच महिन्याच्या आरंभी घेतला होता. असईच्या लढाईत इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली आणि शिंद्यांच्या शंभराच्या जवळपास तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. हे सर्व शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात सहसा नसते ते असे की, त्या दिवशी वेलस्लीबरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा तेवीस वर्षांचा एक मुलकी तरुणही घोडा दौडवीत होता.

पुढे १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हाच एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. १८१९ मध्ये त्याने जिंकलेल्या मुलखाविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला. मराठी राज्यात न्याय कसा मिळे, हे सांगताना तो तकाजा या शब्दापाशी येऊन थांबतो. इंग्रजी वाचकासाठी त्याने त्याचा अर्थ दिला आहे तो नातीच्या त्या क्रियापदानेच, म्हणजे डन् करणे. पण तेवढ्यावर त्याचे भागले नाही. त्याला पुढे सांगावे लागले की, या एका शब्दात साध्या मागणीपासून थेट माणसावर पहारा बसविणे, त्याचे जेवण तोडणे, डोक्यावर दगड देऊन भर उन्हात उभे करणे, इतके सारे मावते. थोडक्यात, डन् अपुरा पडला.

एल्फिन्स्टनच्या वर्णनात मला सर्वांत मोलाची वाटली ती त्याने दाखविलेली तफावत. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असला, तर सावकार त्याला कोंडी, उपाशी ठेवी, उन्हात बसवी. पण देणेकरी वरचा असला तर? मग हाच सावकार त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, वाटेत लोटांगण घाली, दारात आक्रोश करी, स्वतः उपास धरून बसे आणि दारी माणूस उपाशी असता घरच्या धन्यालाही घास घेता येत नसे. मागणी न्याय्य असेल तोवर अशा माणसाला उठवायचे नाही, ही इभ्रतीची गोष्ट समजली जाई.

म्हणजे तगाद्याला दोन तोंडे होती. एक वरून खाली पाहणारे, दुसरे खालून वर पाहणारे. एक दुसऱ्याला उपाशी ठेवी, दुसरे स्वतः उपाशी राही. शब्द एकच.

खाली पाहणाऱ्या तोंडाची उदाहरणे इतिहासात हवी तेवढी आहेत. सरकारी बाकी वसूल करावयाची तर देणेकऱ्याच्या दारी मोहसल येऊन बसे. त्याचा रोजचा खर्च पुन्हा देणेकऱ्याच्याच माथी! या रीतीची परमावधी १७९८ साली पुण्याने पाहिली. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पगार थकलेला, लग्नाचा खर्च झालेला. पैसा उभा करण्याचे काम त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्याकडे आले. त्यांनी पुण्यातले सावकार आणि प्रतिष्ठित लोक धरून त्यांचा जो छळ केला, तो इतिहासकारांनी लिहून ठेवला आहे. या साखळीकडे मात्र लक्ष द्यावे. शिपायाचा तगादा सरदारामागे, सरदाराचा शिंद्यांमागे, शिंद्यांचा घाटग्यांमार्फत सावकारांमागे. सर्वांत शेवटी जो सापडला, तो भाजला गेला.

वर पाहणाऱ्या तोंडाचे नाव धरणे. हीही फार जुनी गोष्ट. मनुस्मृतीत दिलेले धन परत मिळविण्याचे पाच उपाय सांगितले आहेत: धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. त्यातले आचरित म्हणजे हेच दारी बसणे, असे मानले जाते. १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याने भावाला लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १८१३ मध्ये निघाले. त्यात धरण्याचे मोठे सुरस वर्णन आहे. सावकार देणेकऱ्याच्या तंबूच्या दारात येऊन बसतो आणि त्या क्षणापासून तंबूचा जणू धनी होतो. त्याच्या परवानगीवाचून कोणी आत जात नाही, बाहेर येत नाही. तो स्वतः खात नाही, देणेकऱ्यालाही खाऊ देत नाही. मग भुकेची शर्यत सुरू होते. ज्याची भूक आधी हरली, तो हरला. पगार थकलेले शिपाईही हाच उपाय आपल्या वरिष्ठांवर करीत.

हा केवळ आपल्याकडचाच वेडेपणा असे कोणी समजू नये. कलकत्त्यास सरकारचा कायदेमंत्री म्हणून राहून गेलेल्या सर हेन्री मेनने १८७५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, प्राचीन आयर्लंडच्या कायद्यातही बड्या देणेकऱ्याच्या दारी उपास धरून बसण्याची रीत होती. जेथे वरच्याला कोर्टात खेचता येत नाही, तेथे खालच्याच्या हाती आपल्या भुकेशिवाय दुसरे काय असते?

इंग्रजांना हे धरणे पसंत पडले नाही. १७९५ मध्येच त्यांनी काशीकडे ते बंद करण्याचा नियम केला. १८६० च्या दंडसंहितेतले ५०८ वे कलम देवाच्या कोपाचे भय घालून एखाद्याकडून काही करवून घेण्याविषयी होते आणि त्याखाली उदाहरण दिले होते ते दारी धरणे धरून बसणाऱ्याचे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अपराध तिच्यातही कायम आहे. गांधीजींनीसुद्धा १९२१ साली कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी धरणे धरले तेव्हा त्याला जुना रानटीपणा म्हणून दोष दिला होता. समोरच्याच्या मनावर केलेली जबरदस्ती ती जबरदस्तीच, हे त्यांचे म्हणणे विसरण्याजोगे नाही.

पण धरणे बंद करताना दुसऱ्या तोंडाचे काय झाले? त्याला कागद मिळाला. ब्रिटिश मुलखात सावकार उंबरठा सोडून कोर्टात गेला. खत, फिर्याद, हुकूमनामा, जप्ती. आता त्याला उपाशी राहावे लागेना, समोरच्याचे तोंडही पाहावे लागेना. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा जुना बांधही नवी नवी खते लिहून घेऊन ओलांडता येई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. खते मागून घ्यायची आणि जाळायची. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा त्यातूनच आला. त्याच कागदांची दुसरी गती त्या दंग्यांच्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षे आधी देहूच्या एका वाण्याने दाखविली होती. घरची खते वाटून घेतली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. पण तुकोबा सगळ्यांना होता येत नाही. दुकान चालवावयाचे असते.

दुकानाची गोष्ट निघालीच आहे, तर मी स्वतः केलेला एकुलता एक तगादा सांगून टाकतो.

केळणेच्या काठी आमचे गाव. आजोबांचे, म्हणजे आमच्या आबांचे, लहानसे किराणा दुकान होते. मीठ, मिरची, गूळ, काडेपेटी आणि अर्ध्याहून अधिक गावाची उधारी. १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना वर्णन नको. नदीत वाळू, शेतात ढेकळे. माणसे सरकारी कामावर खडी फोडीत होती आणि परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी खात होती. दिवाळी तोंडावर आली तसा जालन्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा माणूस आमच्या दुकानात येऊन बसला. ओरडला नाही. पोत्यावर बसला, चहा प्याला, दोन तास बसून म्हणाला, "येतो पुन्हा परवा." त्याचे ते बसणे आबांच्या चेहऱ्यावर मला दिसले.

दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. सात नावे, पुढे आकडे. म्हणाले, "उगराणीला जाऊन ये. आवाज चढवायचा नाही. बाकी सांगायची आणि काय म्हणतात ते ऐकून यायचं."

तिसरे घर माझ्या वर्गमित्राचे. आकडा चौदा रुपये. दारात तोच उभा होता. मी चिठ्ठी पुढे केली. तो म्हणाला, "बाबा घरी नाहीत." दाराला गोणपाटाचा पडदा होता. पडदा खालून वीतभर तोकडा. त्याखाली दोन पाय दिसत होते. भेगाळलेले, खडीच्या धुरळ्याने पांढरे झालेले, अगदी निश्चल. मी पायांकडे पाहिले. मी पाहिले हे त्याने पाहिले. मी "बरं" म्हणालो आणि परत फिरलो. उरलेल्या चार घरी गेलोच नाही.

आबांना सांगितले, "घरी नव्हते." आबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. "आत डोकावलास का?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाले आणि वजने पुसू लागले.

संध्याकाळी तो माणूस आपण होऊन दुकानाच्या पायरीशी आला. मान खाली. "आबा, तीन आठवडे झाले, मस्टरवर अंगठे घेतलेत पण पैसे सुटले नाहीत. उद्या आम्ही सगळे जण साहेबांच्या दारात जाऊन बसणार आहोत. मिळाले की पहिले तुमचे."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चला, मीही येतो. तुमचे सुटल्याशिवाय माझे कुठून सुटणार?"

सकाळी दुकानाला कुलूप लागले. आबा त्या साठसत्तर माणसांबरोबर जाऊन बसले. दिवसभर बसले, रात्री तेथेच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे वाटले गेले. त्या माणसाने येऊन दहा रुपये दिले. आबांनी वहीत दहा जमा केले, चार बाकी लिहिले. त्याच्या मुलांसाठी पावशेर गूळ बांधून दिला आणि त्याचे पैसे मात्र कोठेच लिहिले नाहीत.

गोष्ट येथे गोड झाली असे म्हणता आले असते. पण माझा तो मित्र त्यानंतर माझ्या बाकावर बसला नाही. भांडला नाही, बोलला नाही असेही नाही. फक्त पूर्वीसारखा राहिला नाही. मी आवाज चढविला नव्हता, आत डोकावलो नव्हतो. तरी मी ते पाय पाहिले होते. तगाद्याने वसूल होते ती रक्कम वहीत लिहिता येते. जाते त्याची नोंद कोठे करावयाची?

आज तगादा दूरध्वनीवरून होतो. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेला २०२२ साली बजावावे लागले. बोलणाऱ्याला समोरचे पाय दिसत नाहीत. तो ज्याला ओळखत नाही त्याला, ज्याला ओळखत नाही त्याच्या वतीने, डन् करतो. इंग्रजी क्रियापद अखेर आपल्या मूळ अर्थाने आपल्याकडे नांदू लागले आहे. धरणे हा शब्द मात्र खालच्यांच्या वाट्याला आला. थकलेल्या पगारासाठी, पीकविम्यासाठी, मालाच्या भावासाठी जिल्हाधिकारी कचेरीपुढे मांडव पडतो, तेव्हा त्यावरच्या फलकावर तो जुना शब्द अजून असतो. सावकाराने टाकलेले हत्यार देणेकऱ्याने उचलले, असे म्हणावयास हरकत नाही.

चहा घेऊन नात आली तेव्हा मी तिला यातले थोडेसे सांगितले. ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे आजोबा, पण मी उद्या ती तीन पत्रं कशी लिहू?"

म्हटले, "रक्कम लिही, तारीख लिही. लपवू नकोस आणि धमकावूही नकोस. आणि शेवटी एक ओळ घाल, अडचण असेल तर कळवा, बसून बोलू."

तिने तशी लिहिली. साहेबांनी शेवटची ओळ काढून टाकली की ठेवली, हे मी अजून विचारलेले नाही.

लक्ष्मीपूजनाला आम्ही पाटावर तिचा संगणक ठेवतो आणि शेजारी आबांची ती जुनी लाल वही. हळदकुंकू वाहताना दरवर्षी मी ते पान उघडतो. चौदा, त्याखाली दहा जमा, त्याखाली चार बाकी. त्या चारांवर आबांनी कधी रेघ मारली नाही. मीही मारलेली नाही. बाकी आहे खरी. ती कोणाची कोणाकडे, हे मात्र मला अजून नक्की सांगता येत नाही.